चौथी सीट

सकाळी नेरूळहून सीएसएमटीची लोकल पकडणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच एक गणित कळून चुकतं. बाक तिघांचा, बसतात चौघं. चौथ्याच्या वाट्याला येते ती चौथी सीट, म्हणजे एक मांडी बाकावर, दुसरी हवेत आणि खांद्याला उभ्या माणसांच्या पिशव्या. तीही सहज मिळत नाही. डब्यात शिरल्या शिरल्या बसलेल्यांवरून नजर फिरवायची आणि भुवया उंचावून एकच शब्द टाकायचा, ‘‘कुठे?’’ समोरचा ‘‘चेंबूर’’ म्हणाला की ती जागा चेंबूरपासून आपली. तो ‘‘मस्जिद’’ म्हणाला की पुढचा बाक गाठायचा.

जगातल्या सर्वांत महागड्या खेळातही जागा अशीच मिळते म्हटलं तर चटकन पटणार नाही. पण फॉर्म्युला वनचा डबा आपल्या डब्याहूनही अरुंद आहे. २०२५ च्या हंगामात दहा संघ आणि प्रत्येकाच्या दोन गाड्या, म्हणजे साऱ्या जगासाठी वीस जागा होत्या. २०२६ मध्ये अकरावा संघ आला आणि त्या बावीस झाल्या. १९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाल्यापासून या जागांवर बसून शर्यत सुरू केलेले ड्रायव्हर पावणेआठशेच्या आसपास भरतात. २०२५ अखेर त्यांतले जगज्जेते झाले ३५.

सेना, शूमाकर, हॅमिल्टन ही नावं रेसिंगमधलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही ऐकून माहीत असतात. हा लेख उरलेल्यांविषयी आहे, त्यातही ज्यांना टेकल्या टेकल्या उठावं लागलं त्यांच्याविषयी. त्यांच्या गोष्टीत गेटवे ऑफ इंडियासमोर उभी राहिलेली एक गाडी आहे आणि मुंबईचा एक मुलगाही.

आठशे मीटर

१२ सप्टेंबर १९९३, इटलीतलं मॉन्झा. जॉर्डन संघाच्या गाडीत मार्को अपिचेल्ला घरच्या प्रेक्षकांसमोर आपली पहिली फॉर्म्युला वन शर्यत सुरू करत होता. हिरवा दिवा लागला, गाड्या सुटल्या आणि आठएकशे मीटरवरच्या पहिल्या नागमोडी वळणात मागचा घोळका एकमेकांवर आदळला. अपिचेल्लाची गाडी तिथेच राहिली. पुढच्या शर्यतीत जॉर्डनने त्याच्या जागी दुसऱ्याला बसवलं आणि त्याला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. नेरूळहून सुटलेली लोकल सीवूड्सला पोचायच्या आत संपावी, तेवढी ही कारकीर्द.

याच संघात दोन वर्षांपूर्वी आणखी एकाची सुरुवात अशीच झाली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीआधी जॉर्डनचा ड्रायव्हर बेर्ट्रां गाशो तुरुंगात गेला. लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्याशी झालेल्या भांडणात त्याने अश्रुधुराचा फवारा वापरला होता. त्याच्या रिकाम्या जागेवर बावीस वर्षांचा एक जर्मन मुलगा आला. शनिवारच्या पात्रता फेरीत त्याने सातवा क्रमांक काढला. रविवारी पहिल्याच फेरीत त्याच्या गाडीचा क्लच गेला आणि शर्यत संपली. जॉर्डनसाठी ती त्याची पहिली आणि शेवटची शर्यत. त्याचं नाव मायकेल शूमाकर, पुढे सात वेळचा जगज्जेता.

निकालाच्या तक्त्यात दोघांच्या नावापुढे पूर्ण केलेल्या फेऱ्यांचा आकडा एकच आहे, शून्य. मग एक आख्यायिका झाला आणि दुसरा प्रश्नमंजूषेतलं उत्तर, असं का? फरक रविवारी पडलाच नव्हता. शूमाकरची शनिवारची वेळ बेनेटन संघाने पाहिली आणि पुढच्या शर्यतीआधी त्याला उचललं. अपिचेल्लाची शनिवारची वेळ त्याला तेविसाव्या क्रमांकावर ठेवून गेली. शिवाय त्याला मिळालेली जागाच फिरती होती. त्या एका हंगामात जॉर्डनने दुसऱ्या गाडीत पाच ड्रायव्हर बसवून पाहिले. तो सुमार ड्रायव्हर होता म्हणावं, तर पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, जपानच्या फॉर्म्युला ३००० मालिकेचं अजिंक्यपद त्याने जिंकलं.

अपिचेल्लाहूनही कमी अंतर कापलेले आहेत. जर्मनीचा एर्न्स्ट लोफ हा स्वतः गाड्या बांधणारा माणूस. १९५३ च्या जर्मन ग्रांप्रीत त्याच्या व्हेरिटास गाडीचा इंधनपंप सुरुवातीलाच बंद पडला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीची लांबी जेमतेम दोन मीटर सांगतात. याउलट हान्स हेयरची गोष्ट विनातिकीट प्रवाशाची. १९७७ च्या जर्मन ग्रांप्रीसाठी तो पात्र ठरला नव्हता. तरी सुरुवातीच्या गोंधळाचा फायदा घेत त्याने पिटमधून, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागेतून, गाडी बाहेर काढली आणि शर्यतीत घुसला. नऊ फेऱ्यांनंतर गिअरबॉक्स बिघडला, तेव्हा कुठे टीसीच्या लक्षात आलं. एकाच शर्यतीत अपात्र, अपूर्ण आणि बाद असे तिन्ही शेरे मिळवणारा तो एकटाच.

साच्यातली खुर्ची

रेसिंगच्या भाषेत ‘सीट’ म्हणजे संघाशी झालेला करार. पण त्या शब्दामागे एक खरीखुरी खुर्चीही असते आणि ती कशी बनते हे पाहण्यासारखं आहे. ड्रायव्हरला गाडीच्या रिकाम्या सांगाड्यात बसवतात. त्याच्या पाठीमागे आणि कुशीखाली एक मोठी पिशवी पसरतात आणि तिच्यात फुगून घट्ट होणारं मिश्रण ओततात. हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर, मान गाडी चालवताना असते तशी, आणि मिश्रण घट्ट होईपर्यंत हालचाल बंद. मग पिशवी बाहेर काढली की त्याच्या पाठीचा, बरगड्यांचा, माकडहाडाचा हुबेहूब ठसा हाती येतो. त्या ठशावरून कार्बन फायबरची पातळ खुर्ची तयार होते. वेगातल्या वळणावर अंगावर स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट जोर येतो. अशा वेळी खुर्चीत बोटभर पोकळी राहिली तरी दीड तासात कातडी सोलून निघते.

अशा खुर्चीपर्यंत पोचायचं तर वाट लांबची आहे. सात-आठ वर्षांचं पोर कार्टमध्ये बसतं. कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकलेली, स्प्रिंग नसलेली छोटी गाडी. तिथून फॉर्म्युला ४, मग फॉर्म्युला ३, मग फॉर्म्युला २. प्रत्येक पायरीवर हंगामाचा खर्च कोटींनी वाढतो आणि तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या घरच्यांना किंवा प्रायोजकांना उचलावा लागतो. पैसा थांबला की जागा थांबते. १९७६ च्या जपानी ग्रांप्रीत मासामी कुवाशिमाने पहिल्या सरावात गाडी चालवली. नंतर प्रायोजकाचे पैसे आले नाहीत आणि त्याच आठवड्याच्या अखेरीत त्याच्या गाडीत दुसरा ड्रायव्हर बसला. शर्यत सुरू करण्याचं त्याचं राहिलं ते कायमचंच.

पैसा असला तरी परवाना हवा. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला ‘सुपर लायसन्स’ लागतं आणि त्यासाठी तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांत आलात तर एका हंगामात चाळीसच्या चाळीस मिळतात. सातवा आलात तर फक्त ८. तिसऱ्याहून चार पायऱ्या खाली घसरल्याची किंमत ३२ गुण. आणि हे सगळं ज्या मालिकेत मोजलं जातं तिथे सगळ्यांच्या गाड्या एकाच कारखान्यातल्या, इंजिनं एकाच कंपनीची. सातव्या आणि तिसऱ्यामधला फरक कधी सेकंदाच्या दशांशांचा असतो, कधी पिटमध्ये अडकलेल्या एका नटाचा.

शोलावरमच्या धावपट्टीवरून

भारतातून या डब्यात आजवर दोघंच चढले आणि दोघंही तमिळनाडूचे. हा योगायोग नाही. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. तिच्यावर कित्येक दशकं शर्यती झाल्या. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला पक्कं सर्किट उभं राहिलं, नंतर कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे झाला. जिथे ट्रॅक असतो तिथे मेकॅनिक तयार होतात, जुनी इंजिनं स्वस्तात मिळतात, बाप मुलाला रविवारी शर्यत दाखवायला नेतो. नारायण कार्तिकेयनचे वडील रॅली ड्रायव्हर होते आणि करुण चंधोकचे वडील विकी चंधोक नावाजलेले रेसर. दादर-माटुंग्याच्या मुलांना मैदानांनी क्रिकेटपटू केलं, तसंच या दोघांना ट्रॅकने घडवलं.

कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनच्याच गाडीत बसला. १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर त्या सर्किटच्या कलत्या वळणाला टिकणार नाहीत हे लक्षात आलं. सुरुवातीच्या संथ फेरीनंतर चौदा गाड्या सरळ पिटमध्ये शिरल्या आणि शर्यत उरलेल्या सहा गाड्यांत झाली. कार्तिकेयन चौथा आला. त्याला मिळालेले ते ५ गुण भारतीय ड्रायव्हरांच्या खात्यातले आजवरचे एकूण गुण आहेत. हंगाम संपला, जॉर्डनचं नाव बदललं आणि त्याची जागाही गेली. २०११ मध्ये तो हिस्पानिया या तळाच्या संघात परत आला. हंगामाच्या मध्यावर त्याला उठवून तिथे एका तरुण ऑस्ट्रेलियनला बसवण्यात आलं. तो डॅनियल रिकार्डो. पुढे त्याने आठ शर्यती जिंकल्या. ज्या बाकावरून एक उठतो, त्याच बाकावर दुसऱ्याचं नशीब उघडतं.

चंधोकची सुरुवात २०१० मध्ये बहरीनच्या सखीर सर्किटवर झाली. त्याच्या हिस्पानिया गाडीची जुळणी शेवटपर्यंत चालूच होती. सराव होऊन गेला, गाडी गॅरेजमध्येच. तिची चाकं पहिल्यांदा फिरली ती थेट पात्रता फेरीत. न चालवलेल्या गाडीत बसून शर्यतीला गेलेला चंधोक दुसऱ्याच फेरीत उंचवट्यावर ताबा जाऊन बाहेर पडला. त्या वर्षी त्याला दहा शर्यती मिळाल्या. पुढच्या वर्षी जर्मनीत एक, लोटस संघाकडून, यार्नो ट्रुली त्या आठवड्यात बाजूला झाला म्हणून. अकरा शर्यती आणि खेळ संपला. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला भारताची पहिली ग्रांप्री झाली तेव्हा कार्तिकेयन शर्यतीत होता, चंधोक नव्हता. लोटसची ती जागा पुन्हा ट्रुलीकडे गेली होती.

गेटवेसमोरची गाडी

आता पुन्हा त्या जॉर्डनच्या गॅरेजकडे वळू. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन सर्किटला लागून असलेला हा कारखाना एकच आणि दारावरच्या पाट्या अनेक. २००६ मध्ये तिथे मिडलँड होती, २००७ मध्ये स्पायकर. स्पायकरने २२ जुलै २००७ रोजी न्यूरबुर्गरिंगच्या शर्यतीसाठी मार्कुस विंकेलहॉक नावाच्या राखीव ड्रायव्हरला गाडी दिली. तो सर्वांत शेवटी, बाविसावा होता. संघाने एक डाव टाकला. आभाळ भरून आलं होतं. बाकीचे कोरड्या रस्त्याच्या टायरवर सुटले, विंकेलहॉकला पावसाळी टायर लावून पिटमधून सोडलं. पहिल्याच फेरीत पावसाने झोडपून काढलं. पुढचे सगळे टायर बदलायला पिटकडे धावले, आणि गाडीचा वेग वाढवायचीही गरज नसलेला विंकेलहॉक सर्वांच्या पुढे निघून गेला. अर्ध्या मिनिटाहून जास्त आघाडी. पाणी इतकं साचलं की शर्यत थांबवावी लागली. पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्या ओळीत पहिला तोच. एकाच शर्यतीत एकदा शेवटून आणि एकदा सगळ्यांत पुढून सुटलेला तो एकमेव ड्रायव्हर.

रस्ता सुकू लागला तसे वेगवान गाड्यांनी त्याला गाठलं आणि तेराव्या फेरीत गाडीने दम तोडला. पुढच्या शर्यतीत त्याच्या जागी साकोन यामामोतो होता. विंकेलहॉकच्या नावावर फॉर्म्युला वनमधली एकच शर्यत आहे आणि तिच्यात सहा फेऱ्यांची आघाडी आहे.

त्याच वर्षी विजय मल्ल्या आणि मिशिएल मोल यांनी स्पायकर संघ विकत घेतला आणि त्याचं नाव फोर्स इंडिया झालं. ७ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नव्या गाडीवरचा पडदा काढला गेला. रंग नवा होता, पण गाडी विंकेलहॉकच्या स्पायकरचीच वारस होती. नाव इंडिया, झेंडा तिरंगा, स्टिअरिंगवर मात्र एक इटालियन आणि एक जर्मन. पुढच्या दहा वर्षांत या संघाच्या गाडीतून एकाही भारतीयाने शर्यत सुरू केली नाही.

त्यावर उपाय म्हणून २०११ मध्ये संघाने देशभर ‘अब्जात एक’ अशी शोधमोहीम काढली. ठिकठिकाणच्या कार्टिंग ट्रॅकवर पोरांना पळवलं आणि अखेर तिघं निवडले. त्यांतला एक मुंबईचा, तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा जेहान दारूवाला. मुंबईच्या रेयोमंड बनाजींकडे कार्टिंगचे धडे घेतलेला हा मुलगा युरोपात गेला. २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रांप्री (ही फॉर्म्युला वनची शर्यत नव्हे) जिंकली. त्याच वर्षी युरोपीय फॉर्म्युला ३ मध्ये जर्मनीतल्या नोरिसरिंगवर शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. २०१९ मध्ये जागतिक फॉर्म्युला ३ मध्ये तो तिसरा आला. मग रेड बुलच्या तरुण ड्रायव्हरांच्या फळीत त्याची निवड झाली आणि २०२० मध्ये फॉर्म्युला २ ची पायरी आली.

६ डिसेंबर २०२०

एक उठला की चौघं कसे सरकतात ते पाहायचं तर सखीरचा हा रविवार पाहावा. आदल्या रविवारी बहरीनमध्येच रोमें ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली होती. ज्वाळांतून तो जिवंत बाहेर आला, पण हात भाजले. हास संघाची एक जागा रिकामी झाली आणि तिथे दोन वेळच्या जगज्जेत्या एमर्सन फिटिपाल्डीचा नातू पिएत्रो बसला. त्याला दोन शर्यती मिळाल्या. मग लुईस हॅमिल्टनला करोना झाला. मर्सिडीजने विल्यम्स संघाकडून जॉर्ज रसेलला मागून घेतलं. रसेल सहा फुटांहून उंच, हॅमिल्टनच्या मापाने बांधलेल्या गाडीत त्याचे पाय मावेनात. अखेर त्याने एक नंबर लहान बूट घालून शर्यत केली. चौथ्या सीटवर बसणाऱ्यांना ही अवस्था समजावून सांगायला नको.

रसेल उठला म्हणून विल्यम्सची जागा मोकळी झाली आणि तिथे राखीव ड्रायव्हर जॅक एटकेनला बसायला मिळालं. ही त्याची फॉर्म्युला वनमधली एकमेव शर्यत. तो सोळावा आला. पण शर्यत फिरवली ती त्यानेच. शेवटच्या वळणावर त्याची गाडी गरकन फिरली, पुढचा पंख तुटून रस्त्यावर पडला आणि सगळ्यांचा वेग रोखून धरणारी सेफ्टी कार आली. आघाडीवरच्या मर्सिडीजने दोन्ही गाड्या एकदम पिटमध्ये घेतल्या आणि घाईत रसेलला सहकाऱ्याचे टायर लावले. चूक निस्तरायला त्याला परत यावं लागलं. या गडबडीतून पुढे निघाला सर्जियो पेरेझ. पहिल्याच फेरीत धडक होऊन तो शेवटच्या क्रमांकावर फेकला गेला होता. कारकिर्दीतल्या १९०व्या शर्यतीत त्याचा हा पहिला विजय, आणि पुढच्या हंगामासाठी त्याची जागा आधीच दुसऱ्याला देऊन झाली होती. पेरेझच्या संघाचं नाव रेसिंग पॉइंट. सिल्व्हरस्टोनचं तेच गॅरेज. २०१८ मध्ये फोर्स इंडिया दिवाळखोरीत निघाल्यावर दारावर आलेली ही नवी पाटी.

त्याच रविवारी, त्याच सर्किटवर, काही तास आधी फॉर्म्युला २ ची शर्यत झाली होती. सुरुवातीलाच जेहान दारूवाला, डॅन टिक्टम आणि मायकेलचा मुलगा मिक शूमाकर एकमेकांना खेटून वळणांमागून वळणं घेत राहिले. त्यातून दारूवाला बाहेर पडला आणि जिंकला. फॉर्म्युला २ मधला हा भारतीयाचा पहिला विजय. दुसरा आला त्याचाच सहकारी, जपानचा युकी त्सुनोदा. शूमाकर बराच मागे गेला, तरी मालिकेचं अजिंक्यपद त्याचंच झालं.

या शर्यतीत धावलेल्या शूमाकर, त्सुनोदा आणि निकिता माझेपिन या तिघांना २०२१ मध्ये फॉर्म्युला वनची जागा मिळाली. जिंकणाऱ्याला मिळाली नाही. यात अन्याय शोधायला जाऊ नये. मालिकेच्या गुणतक्त्यात ते तिघं वर होते आणि दारूवाला बारावा. पण तिघांचं पुढे काय झालं तेही पाहावं. माझेपिन एक हंगाम टिकला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर त्याचा करार गेला. मिक शूमाकरला वडिलांचं नाव दोन हंगामांपलीकडे नेऊ शकलं नाही. त्सुनोदा पाच वर्षं राहिला. २०२६ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तिघांपैकी एकाकडेही जागा नव्हती.

दारूवाला आणखी तीन वर्षं फॉर्म्युला २ मध्ये लढला. दोनदा एकूण क्रमवारीत सातवा आला. २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं त्याने मॉन्झाला शर्यत जिंकली, जिथे अपिचेल्ला आठशे मीटरवर संपला होता त्याच मॉन्झाला. जून २०२२ मध्ये मॅक्लारेनने त्याला सिल्व्हरस्टोनवर जुन्या फॉर्म्युला वन गाडीत बसवलं. शर्यतीची सीट मात्र आली नाही. ती आली फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक अजिंक्यपदात, २०२४ च्या हंगामासाठी, मासेराती संघाकडून. फेब्रुवारीत हैदराबादच्या रस्त्यांवर त्याला घरच्या प्रेक्षकांसमोर धावायला मिळणार होतं. १३ जानेवारीला मेक्सिको सिटीत त्याचं पदार्पण झालं, आणि त्याच्या आठच दिवस आधी हैदराबादची शर्यत रद्द झाल्याची घोषणा झाली होती. सोळा शर्यतींचा तो एक हंगाम संपला आणि मासेरातीने दोन्ही गाड्यांत नवे ड्रायव्हर आणले.

पाम बीचवरून

आपल्याकडे ट्रॅकची परंपरा नाही म्हणून चाक धरणारे हातच नाहीत असं नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला. पुण्याच्या संजय टकले यांनी २०२५ मध्ये सौदीच्या वाळवंटातल्या डकार रॅलीच्या क्लासिक गटात गाडी उतरवली. आणि नवी मुंबईत इंडियन रेसिंग फेस्टिव्हलच्या आयोजकांनी २०२५ मध्ये पाम बीच मार्गावरून नेरूळच्या तलावाला वळसा घालणाऱ्या, चौदा वळणांच्या, ३.७५३ किलोमीटरच्या सर्किटचा आराखडा जाहीर केला. दारूवाला आणि पेरेझ जिंकले ती सखीरची छोटी वाट ३.५४३ किलोमीटरची होती. फॉर्म्युला वनची गाडी तिच्यावर चोपन्न सेकंदांच्या आत फेरी मारत होती. पाम बीचवर रात्री मोटरसायकलींचा कर्कश आवाज करत पळणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. तो वेग सिग्नलपाशी मिळत नाही. त्याला कठडे लागतात, टायरांच्या भिंती लागतात, डॉक्टर लागतात आणि दहा-बारा वर्षांचा कार्टमधला घाम लागतो.

एक शर्यत, अकरा शर्यती, एक हंगाम हे आकडे वाचून आपण ‘चमकला नाही’ असा शेरा मारून मोकळे होतो. पण आकडा जागेचा असतो, माणसाचा नव्हे. अपिचेल्लाला उचलायला कोणी बेनेटन आलं नाही. चंधोकची गाडी वेळेत तयार झाली नाही. एटकेनला जागा मिळाली ती कोणाच्या तापामुळे, विंकेलहॉकला आघाडी मिळाली ती पावसामुळे. दारूवालाने जिंकलेल्या शर्यतीतले हरलेले डब्यात चढले आणि काही वर्षांत उतरलेही. दोन मीटर असोत की पाच वर्षं, त्या बावीस जागांच्या दारापर्यंत जो पोचला, त्याने वाटेत हजारोंना मागे टाकलेलं असतं.

आमच्या लोकलमध्ये चेंबूरला कोणी उठला की सीट काही क्षण कोमट राहते, आणि ती कोमट असतानाच दुसरा बसतो. तिला कोणाचंही माप चालतं. एटकेनच्या खुर्चीचं तसं नाही. ती त्याच्या पाठीच्या मापाने ओतलेली, त्याच्या बरगड्यांच्या वळणाची. करार दुसऱ्याला देता येतो, गाडी देता येते, पण ती खुर्ची दुसऱ्या कोणालाच बसत नाही.